बचावाची सवय आणि समोरचा माणूस



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघा जुन्या स्नेह्यांचे फोन आले. "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस पंचाहत्तरीच्या आसपास फायटिंग गेमवर बोलतोय म्हटल्यावर काळजी वाटणं साहजिक आहे. पण या व्याख्यानमालेत आपण ठरवलंय की समीक्षा फक्त पुस्तकांची करायची नाही. माणसं जिथे मन लावून काही करतात तिथे समीक्षेला जागा असते.

सुरुवात घरापासून करतो. माझी मुलगी आणि नातू गेली काही वर्षं माझ्याकडेच राहतात. नातू 'स्ट्रीट फायटर' खेळतो. एके दिवशी त्याचा मित्र आला नाही म्हणून कंट्रोलर माझ्या हातात आला. मला एवढंच कळलं की मागची दिशा दाबून धरली की आपला माणूस फटके अडवतो, आणि मागे-खाली दाबली की बसून अडवतो. मी मागे-खाली दाबलं आणि बसलो. तो मारतोय, मी अडवतोय. मला वाटलं, जमतंय की! मग त्याने वरून येणारा एक फटका मारला, जो बसून अडवता येत नाही. मी खाल्ला. पुन्हा मारला, पुन्हा खाल्ला. पाचव्यांदा खाल्ल्यावर तो म्हणाला, "आबा, तू मला ब्लॉक करत नाहीयेस. तू नुसता ब्लॉक करतोयस."

मी कंट्रोलर खाली ठेवला. आयुष्यभर जे वर्गात सांगायचा प्रयत्न केला ते या पोराने दोन वाक्यांत सांगितलं होतं. आजचं व्याख्यान त्या दोन वाक्यांवरच आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं यंत्र समजावून सांगतो. तुमच्यापैकी जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांनी लहानपणी व्हिडिओ पार्लरमध्ये नाणी घालून हे केलेलं असेल, घरी न सांगता. (हशा.) 1991 साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि दोन माणसांनी एकमेकांसमोर लढायचा हा प्रकार जगभर पसरला. त्यात बचावाचं गणित असं: बसून अडवलं तर पायावर येणारे फटके अडतात, पण वरून येणारे अडत नाहीत. उभं राहून अडवलं तर उलट. आणि नुसतं अडवत बसलात, तर समोरचा जवळ येऊन तुम्हाला सरळ उचलून आपटतो. पकड अडवता येत नाही, ती सोडवावी लागते, म्हणजे त्याच क्षणी आपणही पकडीचं बटण दाबावं लागतं. मग समोरचा काय करतो? पकडायला आल्यासारखा जवळ येतो आणि अर्धं पाऊल मागे सरकतो. तुमची सोडवण हवेत जाते आणि तो तुम्हाला मोकळ्यावर मारतो. याला खेळाडू 'शिमी' म्हणतात.

आपल्या कुस्तीच्या आखाड्यात म्हणतात, प्रत्येक डावाला तोड असते. इथे तर तोडीलाही तोड आहे. कायम सुरक्षित अशी एकही जागा नाही. हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. हे खेळ एका सेकंदाचे साठ तुकडे करून चालतात. एकेका तुकड्याला फ्रेम म्हणतात. 'टेकन' या खेळातला सर्वांत जलद ठोसा साधारण दहा फ्रेममध्ये लागतो, 'स्ट्रीट फायटर'मधला तर चार-पाच फ्रेममध्ये. आणि डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम. काय चाललंय ते ओळखून दोन उत्तरांतलं एक निवडायचं असेल तर आणखी वेळ. हिशेब तुम्हीच करा. वरून येणारे बरेचसे फटके मुद्दाम संथ ठेवलेले असतात, ते पाहून अडवता येतात. पण कितीतरी फटके पाहून अडवता येतच नाहीत. ते यायच्या आधी अडवावे लागतात. म्हणजे जवळून झालेला बचाव हा बहुतेक वेळा समोरच्या माणसाविषयी केलेलं एक विधान असतो: "तू आता हे करणार." हे विधान बोटांनी करायचं असतं, आणि विचार करायला वेळ नसतो. म्हणून सवय लागते. सवयीशिवाय हा खेळ खेळताच येणार नाही.

इथे समालोचकांवर माझा पहिला आक्षेप आहे. स्पर्धांचं समालोचन ऐकलंत तर "बॅड हॅबिट" हे शब्द वारंवार येतात. खेळाडू खाली पडला, उठताना पुन्हा तोच ड्रॅगन पंच मारला आणि मार खाल्ला, की म्हणतात, त्याला वाईट सवय आहे. जणू चांगल्या खेळाडूला सवयी नसतातच! सवय असणं हा दोष धरला तर चालणं, बोलणं, वाचणं हे सगळेच दोष ठरतील. प्रश्न असा विचारायला हवा की कोणती सवय, कशामुळे लागलेली, आणि ती काय विसरलीय.

यासाठी मला आपल्याकडचा एक जुना शब्द उपयोगी वाटतो. संस्कार. मराठीत आपण त्याचा अर्थ 'चांगलं वळण' असा करून टाकलाय. पण न्याय-वैशेषिकांकडे संस्कार हा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार आहेत. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी वाचलाय त्यांना आठवेल: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे गतीतून पुढे चालू राहणारी गती. भावना म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेला ठसा, ज्यातून आठवण उगवते. आणि स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू सोडली की मूळ जागी जाते तो गुण. चटई उलगडली आणि हात काढला की ती पुन्हा गुंडाळते, तसं. त्यांच्या शास्त्रात यांतला फक्त भावना हा आत्म्याचा गुण आहे, बाकीचे दोन नाहीत. मी तिन्ही शब्द बचावाला लावतोय, हे उसनवारीचं काम आहे, पंडितांनी रागावू नये.

नवख्या खेळाडूचा बचाव पाहा. तीन फटके अडवले की बोट आपोआप बटण दाबतं. चौथा फटका यायचाच असतो आणि तो मध्येच सापडतो. हा वेग. मागच्या फेरीत तीनदा उचलून आपटलं गेलं, म्हणून आता समोरचा नुसता जवळ आला तरी हात पकड सोडवायला धावतो. ही भावना, जुन्या माराची आठवण. आणि तिसरा प्रकार सगळ्यांत चिवट. घरी सराव करून माणूस नवीन उत्तर शिकतो, पहिल्या दोन फेऱ्यांत ते वापरतोही. मग ताकदीची पट्टी लाल झाली, प्रेक्षक ओरडायला लागले, की जुन्याच जागी परत. चटई गुंडाळली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर मेल्यावर पुढची फेरी सुरू होते आणि खोड तशीच असते! (हशा.)

समालोचक या तिघांना एकच नाव देतात आणि एकच औषध सांगतात: 'अ‍ॅडॅप्ट कर', बदल. पण वेगावरचा उपाय थांबायला शिकणं हा आहे. भावनेवरचा उपाय आताचा माणूस आणि मागचा मार वेगळे करणं हा आहे. स्थितिस्थापकावर मात्र दडपणाखालीच सराव केल्याशिवाय उपाय नाही. घरातल्या शांत खोलीत शिकलेलं तिथेच राहतं.

आता पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातल्या एका माणसाशी थोडं भांडतो. गिल्बर्ट राईल. 1949 सालच्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये तो सवय आणि बुद्धियुक्त कौशल्य यांत स्पष्ट फरक करतो. त्याचं उदाहरण सुंदर आहे: फरसबंद रस्त्यावर माणूस सवयीने चालतो, पण बर्फाळ खडकांवरून जाणारा गिर्यारोहक तसा चालत नाही. तो प्रत्येक पावलाला सावध असतो, पाय घसरला तर काय करायचं याला तयार असतो. पहिलं घोकंपट्टीने येतं, दुसरं शिक्षणाने. अनेक वर्षं मी हे असंच शिकवलं.

पण नातवाच्या खोलीत बसून खेळ पाहिल्यावर मला वाटायला लागलं की राईलची रेघ फार सरळ आहे. कारण इथे खडकालाच डोळे आहेत. गिर्यारोहकाचा खडक त्याची चाल पाहून आपली निसरडी जागा बदलत नाही. समोरचा खेळाडू बदलतो. अशा ठिकाणी काही गोष्टी अगदी घोकलेल्या लागतात, कारण त्या घोकलेल्या असल्या तरच लक्ष मोकळं राहतं. ज्याला पकड सोडवायला विचार करावा लागतो, त्याच्याकडे समोरच्याकडे पाहायला मन उरत नाही. म्हणजे घोकंपट्टी आणि सावधपण हे इथे एकमेकांचे शत्रू नाहीत. एकाने दुसऱ्याला सवड करून द्यायची असते.

याचा दाखला म्हणून या खेळांच्या इतिहासातला बहुधा सर्वांत जास्त पाहिला गेलेला क्षण घेऊ. 2004 साल. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे 'इव्हो' ही स्पर्धा. खेळ 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा, पात्र केन. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग, पात्र चुन-ली. दाइगोची ताकद संपत आलेली, पट्टीत जेमतेम एक ठिपका. या खेळात खास फटके नुसते अडवले तरी थोडी ताकद झिजते. म्हणजे मागे दाबून अडवणं दाइगोला मरणासारखंच. वाँगने चुन-लीचा पंधरा लाथांचा सुपर फटका सोडला. त्याच्या बाजूने हिशेब बिनचूक होता: लागला तरी मेला, अडवला तरी मेला.

पण या खेळात बचावाचा आणखी एक प्रकार आहे, पॅरी. फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी आपण पुढची दिशा दाबायची. मागची नव्हे, पुढची! जमलं तर ताकद अजिबात झिजत नाही. चुकलं तर उघड्यावर मार. दाइगोने पंधराच्या पंधरा पॅरी केले, शेवटची लाथ हवेत उडी मारून, आणि उतरता उतरता प्रतिहल्ला करून सामना जिंकला. प्रेक्षकांचा तो आवाज आजही त्या चित्रफितीत ऐकण्यासारखा आहे.

या क्षणाविषयी दोन प्रकारचं बोलणं चालतं. एक म्हणतं, चमत्कार, काय विजेसारखी प्रतिक्रिया! दुसरं म्हणतं, यात विशेष काही नाही, तो सुपर पॅरी करायचा सराव जपानी खेळाडू करतच असत, ती एक पाठ केलेली लय आहे. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. पहिलं चूक आहे, कारण ती प्रतिक्रिया नव्हतीच. त्या फटक्याची पहिली लाथ पडद्यावर दिसल्यावर हात हलवायचा म्हटलं तर उशीर झालेला असतो. पहिली पॅरी जवळजवळ अंदाजानेच करावी लागते. दुसरं वाचन अर्धं बरोबर आहे. दुसऱ्या लाथेपासून पंधराव्यापर्यंत लय घोकलेली होती, कबूल. पण पहिली लाथ घोकता येत नाही. ती कधी येणार हे चुन-लीच्या चित्रात नव्हतं, ते वाँग नावाच्या माणसात होतं. त्याच्या घाईत होतं, त्याच्या बिनचूक हिशेबात होतं. चौदा लाथा सवयीच्या होत्या आणि एक माणूस ओळखण्याची. त्या चौदा हातात बसलेल्या नसत्या, तर त्या एकीकडे लक्ष देताच आलं नसतं. राईलची रेघ इथे पुसली जाते ती अशी.

आणि एक गोष्ट चाहते सांगायला विसरतात. ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही. अंतिम सामन्यात तो हरला. एका माणसाला ओळखलं म्हणजे पुढच्याला ओळखलं असं होत नाही, प्रत्येक समोरचा नव्याने ओळखावा लागतो.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. लाहोरचा अर्सलान अ‍ॅश, खेळ 'टेकन सेव्हन'. या खेळातली मोठी केंद्रं म्हणजे कोरिया आणि जपान. 2019च्या फेब्रुवारीत फुकुओकाच्या 'इव्हो जपान'मध्ये हा पाकिस्तानी मुलगा उतरला आणि जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासला कोरियाच्या नी या दिग्गजाला अंतिम सामन्यात हरवून तीही स्पर्धा जिंकला. आणि जिंकल्यावर त्याने सांगितलं की आमच्याकडे असे आणखी आहेत.

याचं स्पष्टीकरण लोक 'प्रतिभा' या एका शब्दात आटोपतात. प्रतिभा आहेच. पण बचावाच्या नजरेने पाहा. आपल्या सवयी आपण एकटे लावून घेत नाही. ज्यांच्याशी रोज खेळतो ते आपल्याला लावतात. कोण केव्हा जवळ येतो, कोण केव्हा थांबतो, त्यावरून आपलं अडवणं घडतं. बड्या केंद्रांतले खेळाडू एकमेकांना इतके खेळलेले होते की त्यांचा बचाव हा एका समाजाचा बचाव झाला होता. लाहोरमध्ये व्हिसा आणि पैशांच्या अडचणींत अडकलेली मुलं आपसांत खेळून वेगळीच बोली तयार करत होती. ती बोली समोर आली तेव्हा जगातले उत्तम बचाव एका न ऐकलेल्या भाषेला जुन्या व्याकरणाने उत्तरं देत होते. माझा नातू म्हणाला होता तेच: ते ब्लॉक करत होते, पण अर्सलानला ब्लॉक करत नव्हते.

मग बदलायचं कसं? "सारखं बदलत राहा," असं एक सोपं उत्तर दिलं जातं. मला ते मान्य नाही. जो कारणाशिवाय प्रत्येक वेळी वेगळं करतो त्यालाही समोरचा माणूस दिसत नसतो. एकदा पकड सोडवली म्हणून आता सोडवायची नाही, हासुद्धा एक ठोकळाच, आणि ज्याला पाहता येतं तो हाही ठोकळा वाचतो. चांगल्या खेळाडूकडे पाहताना मला वेगळंच दिसलं. तो पहिल्या फेरीत काही मार चक्क खातो. अडवत राहतो, पण मनात प्रश्न धरून: मी खाली पडलो की हा थांबतो की धावतो? पकडीनंतर हा पुन्हा पकडतो का? त्या माराची किंमत मोजून तो माहिती घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला माझं बसून अडवणं आणि त्याचं बसून अडवणं सारखंच दिसेल. फरक एवढाच की त्याच्या अडवण्यात प्रश्न असतो, माझ्यात नव्हता.

2023 साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये रचनाकारांनी हे नियमातच घातलंय. तिथे ताकदीच्या पट्टीखेरीज सहा खणांची आणखी एक पट्टी आहे, ड्राइव्ह. नुसतं अडवत राहिलात की ती आटत जाते. पूर्ण आटली की तुम्ही थकलेले, मग अडवलेले खास फटकेही ताकद झिजवतात आणि कोपऱ्यात सापडलात तर हाल. काही जुन्या खेळाडूंना हा संयमी बचावावर अन्याय वाटतो. त्यांचं म्हणणं मला समजतं, संयम हाही एक विचार असतो. तरी मी रचनाकारांच्या बाजूने आहे. 1991च्या पकडीपासून हा खेळ एकच सांगत आलाय की न बोलता बसणं फुकट मिळणार नाही. नव्या पट्टीने त्याची किंमत डोळ्यांसमोर मांडली, एवढंच.

आता शेवटचं, आणि थोडं स्वतःविषयी.

वर्गात माझा एक ठरलेला बचाव होता. विद्यार्थ्याने अवघड प्रश्न विचारला की मी म्हणायचो, "आधी तुमच्या शब्दाची व्याख्या करा." उत्तम प्रश्न आहे तो, सॉक्रेटिसाचाच वारसा. पण मी तो विचारायचो तेव्हा बऱ्याचदा समोरच्या मुलाकडे पाहतही नसे. ते माझं मागे-खाली दाबणं होतं. मुलं गप्प बसायची आणि मला वाटायचं, मुद्दा पटला.

घरीही तेच. काही वर्षांपूर्वी मुलगी तिच्या आयुष्यातल्या एका मोठ्या निर्णयाविषयी बोलायला आली. मी तिला तिच्यापुढच्या पर्यायांचं नीट वर्गीकरण करून दिलं. फायदे, तोटे, गृहीतकं. ती ऐकून घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्या विषयावर पुन्हा कधी बोलली नाही. निर्णय तिने एकटीने घेतला, आणि मला तो झाल्यावर कळला.

इथे खेळ आणि आयुष्य यांत एक फरक आहे, तो सांगून थांबतो. खेळात तुमचा बचाव फोडल्याशिवाय समोरचा जिंकत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा येतो, नवे मार्ग शोधतो, आणि त्यातून तुमची सवय तुम्हाला दाखवतो. फटका लागतो, ताकद कमी झालेली दिसते. घरात तसं होत नाही. तुमचा बचाव फुटला नाही तर समोरचं माणूस निघून जातं. पट्टी भरलेलीच दिसते आणि आपल्याला वाटतं आपण जिंकलो. खेळातली वाईट सवय हरवते म्हणून कळते. आयुष्यातली वाईट सवय जिंकवत राहते, म्हणून सत्तरी उलटेपर्यंत कळत नाही.

मी अजूनही नातवाकडून हरतो. पण परवा त्याने वरचा फटका मारला तेव्हा मी उभा होतो. तो म्हणाला, "आबा, बघून केलंस की असंच?" मी खरं ते सांगितलं: बघून नाही, पण तू आता मारणार असं वाटलं. तो म्हणाला, "मग बरोबर."

मुलीशी बोलणं अजून व्हायचंय. त्याला सराव कमी पडतोय.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आज व्याख्या मागणार नाही.